साण्यापासून चिमणीपर्यंत

घर नव्याने करावयास काढले, की आपल्याकडे पैसा आधी दर्शनी भागाकडे धावतो. फरशी, दरवाजा, दिवाणखान्याचे छत यांची चर्चा महिनोन्महिने चालते आणि स्वयंपाकघराची पाळी येईतो हात आखडलेला असतो. अलीकडे हे चित्र पालटते आहे. जालना जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या काही कुटुंबांनी घराच्या दुरुस्तीत स्वयंपाकघरालाच अग्रमान दिला. काचेची शेगडी, विजेची चिमणी, भिंतीत बसविलेली भट्टी, भांडी धुण्याचे यंत्र अशा भारी किमतीच्या वस्तूंची रंगीत पत्रके त्यांनी आमच्यापुढे पसरली आणि विचारले, ‘यातले काय घ्यावे?’ आम्ही यंत्रांचे जाणकार नव्हे. इतिहासाची थोडी आवड तेवढी आहे. त्या आवडीपोटी मागे वळून पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले की जालन्याच्या स्वयंपाकघराचा इतिहास हा बव्हंशी धुराचा इतिहास आहे.

मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे. जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर थापलेली माती. आतल्या घराला खिडकी क्वचितच असे. उजेड आत यावयाचा आणि धूर बाहेर जावयाचा तो छतात ठेवलेल्या एका भोकातून. त्याला साणे म्हणत. पावसाळ्यात ते झाकावे लागे आणि मग धूर घरातच कोंडे. जळण म्हणजे कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला आणि कापसाच्या या पेठेला रेल्वेची जोड मिळाली. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही सांगितली जाते. त्या सोन्याच्या पाळण्याजवळची आई मात्र हातात फुंकणी घेऊन, पदराने डोळे पुशीत, पऱ्हाट्यांच्या धुरात बसलेली असे. धुराने माळवदाच्या लाकडाला वाळवी लागत नाही, असे वडीलधारी मंडळी सांगत. लाकडे टिकलीही असतील. छातीचा हिशेब कोणी मांडला नाही.

तो मांडण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न आपल्याच जुन्या राजधानीत झाला. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होते. १९५६ साली ते मुंबई राज्यात आले. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली बिनधुराची चूल सिद्ध केली आणि १९५३ साली, लक्षावधी घरांची स्वयंपाकघरे बिनधुराची कशी करावीत, या विषयावर इंग्रजीतून पुस्तिका प्रसिद्ध केली. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चूल त्याच वळणाची. पुढे १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. चुली बसल्या, आणि पुष्कळ ठिकाणी वर्षा-दोन वर्षांत मोडल्याही. धुराड्याचे नळ काजळीने तुंबले, ते साफ कोणी करावयाचे हे ठरलेले नव्हते. चुलीची तोंडे आणि घरातील भांडी यांचे माप जुळेना. जी बाई त्या चुलीपुढे बसणार होती, तिला आधी कोणी फारसे विचारले नव्हते.

दरम्यान रॉकेल घरात आले होते. त्याचे रिकामे डबे पाणी भरावयास, धान्य साठवावयास उपयोगी पडत. रॉकेलच्या छोट्या दिव्याला आपण चिमणी म्हणू लागलो. (धूर करणारी ती चिमणी आणि आज धूर ओढून नेणारी तीही चिमणीच, ही भाषेची गंमत आहे.) स्वीडनमधील लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली बनविलेल्या प्रायमसच्या धर्तीचा पंपाचा स्टोव्ह हे मध्यमवर्गाचे मोठे भूषण होते. पिन मारणे, वॉशर बदलणे हे त्याचे संस्कार घरातील पुरुषही आनंदाने करीत. परंतु या स्टोव्हची दुसरी आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हा मथळा १९७० आणि १९८० च्या दशकांत वृत्तपत्रांतून इतक्या वेळा येई, की त्यातील किती भडके खरोखर स्टोव्हचे, असा प्रश्न पडे. तत्कालीन भारतीय दंड संहितेत १९८३ साली ४९८-अ आणि १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब ही कलमे आली, त्यामागे या मथळ्यांचाही वाटा आहे. स्वयंपाकघरातील वस्तू निवडणे हा निव्वळ हौसेचा विषय आहे, असे आम्हांस वाटत नाही ते यामुळे.

बर्मा शेल कंपनीचा ‘बर्शेन’ गॅस मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यास मिळू लागला. इंडेन १९६० च्या दशकात आला. आमच्या भागात नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणे आले. सिलिंडरपेक्षा शेगडी उंच हवी, म्हणून गॅसबरोबर कडप्प्याचा ओटाही घरोघर आला आणि बसून रांधणारी बाई उभी राहिली. गुडघ्यांना आराम पडला. कंबर व टाचा बोलू लागल्या. गरीब घरांपर्यंत गॅस नेणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. तरी पुन्हा भरलेल्या टाकीची किंमत परवडेना, म्हणून खेड्यांत चूल अद्याप पेटते.

कुकर आणि मिक्सर यांविषयी थोडक्यात. ठाण्यात कारखाना काढलेल्या हॉकिन्सची स्थापना १९५९ सालची. ‘सुमीत’ मिक्सर १९६० च्या दशकातला. विदेशी यंत्र आपल्या वाटणाला टिकेना, तेव्हा माधुरी माथुर व त्यांचे अभियंता पती सत्यप्रकाश माथुर यांनी ओले-सुके दोन्ही दळील असे यंत्र घडविले. आधी बाईचे काम पाहिले आणि मग यंत्र बनविले, म्हणून ते चालले. २००५ नंतरच्या भारनियमनात मात्र अडगळीतला पाटा-वरवंटा पुन्हा बाहेर काढावा लागला.

आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात, त्याचे मूळ जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात आहे. तेथील घरबांधणी योजनेसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली, गृहिणीची पावले मोजून, लहानसे स्वयंपाकघर आखले. मोठे काम झाले ते. पण त्यांनी मोजलेल्या पावलांत भाकरी नव्हती.

आमचे मत भाकरीपासूनच सुरू होते. ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावर भाजून आचेवर फुगवावयाची असते. इंडक्शनच्या चुलीवर ज्वाळाच नाही. मातीची खापरीही तीवर तापत नाही. ती दुसरी चूल म्हणून ठीक. काचेची शेगडी देखणी खरी, परंतु दोन बर्नरांत परात आणि मोठा तवा शेजारी-शेजारी मावतील एवढे अंतर आहे का, हे दुकानातच तवा ठेवून पाहावे.

पाण्याचाही विचार हवा. २०१२-१३ चा दुष्काळ जालना विसरलेला नाही. शुद्ध पाण्याचे आरओ यंत्र एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी सोडते. ते भांडी-फरशीसाठी साठविण्याची सोय नळकाम करतानाच करावी. भांडी धुण्याचे यंत्र ही चैन समजली जाते, पण भरून चालविले तर एका वेळी दहा-पंधरा लिटरांत भागते. वाहत्या नळाखाली याहून अधिक जाते. मात्र त्याला अखंड पाणी लागते, आणि आपल्या जड पाण्यासाठी त्यात मीठ घालावे लागते. नळ काही दिवसांआड येत असेल, तर आधी टाकी, मग यंत्र.

आणि पैसा एकाच वस्तूला पुरणार असेल, तर आमचा कौल चिमणीला. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. ती तासाला दहा वेळा बदलावयाची तर २८० घनमीटर ओढ पुरे. पत्रकांतील १२०० चा आकडा पाहून दिपून जाऊ नये. हवा कोळशातून गाळून पुन्हा घरातच सोडणारी चिमणी स्वस्त व सोपी दिसते, परंतु उष्णता, वाफ आणि जळलेला वायू ती बाहेर नेत नाही. नळ भिंतीपार गेलेलीच घ्यावी. नळ शक्य तितका आखूड, वळणे कमी, आणि बाहेरच्या तोंडाला जाळी. चिमण्या घरटे करतात. तेलकट जाळ्या कोणी आणि कोणत्या वारी धुवावयाच्या, हेही घरात ठरवून ठेवावे. भिंतीतले भोक टाइल्स बसविण्यापूर्वी पाडून घ्यावे. मागाहून गवंडी ते नीट करीत नाहीत.