नियोगी समिती ते धर्मस्वातंत्र्य कायदा : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके भाषेने मराठी, परंतु राज्याने मध्य प्रदेशी. ख्रिस्ती धर्मप्रसारावरून उद्भवलेल्या राजकीय वादाचा इतिहास येथे पाहिला असता एक बाब ठळकपणे दिसते. चौकशी झाली ती परदेशी मिशनांची. कायद्याचा भार मात्र पडला सामान्य नागरिकाच्या अंतःकरणावर.

पार्श्वभूमी

नागपूर प्रांतात मिशनकार्याचा पाया स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये घातला. छिंदवाड्यात १८८५ पासून स्वीडनच्या लूथरन मिशनने काम सुरू केले. पुढे त्यातूनच स्थानिक चर्च उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर या कार्यास राजकीय रंग चढला. रायगड, सरगुजा व उदयपूर या संस्थानांत १९३६ ते १९४६ या काळात धर्मांतरविरोधी कायदे झालेले होतेच. ही संस्थाने मध्य प्रदेशात विलीन झाल्यावर मिशनांचा तेथील वावर वाढला आणि तक्रारीही वाढल्या. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली.

समितीचे कार्य

समितीत गांधीवादी ख्रिस्ती विचारवंत एस. के. जॉर्ज हेही सदस्य होते. समितीने ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली आणि ११,३६० व्यक्तींशी संपर्क साधला. कॅथलिकांनी या चौकशीविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली, परंतु त्यांचा अर्ज फेटाळला गेला. १९५६ च्या अहवालाने शिक्षण व आरोग्य क्षेत्रातील मिशनांच्या सेवेची नोंद घेतली. तथापि शाळा, इस्पितळे व कर्ज यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा निष्कर्षही काढला. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस त्यात होती.

त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्माचा स्वीकार केला. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाचीच राजधानी होते. कोणाही दीक्षार्थीस जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे लागले नाही. अवघ्या अठरा दिवसांनी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले.

अहवालापासून कायद्यापर्यंत

१९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्य अधिनियम आला. बळ, प्रलोभन वा कपट यांनी धर्मांतर करणे हा गुन्हा ठरला. ‘बळ’ या शब्दात ईश्वरी कोपाची भीतीही समाविष्ट झाली. परलोक मानणाऱ्या कोणत्याही धर्माचा उपदेश या व्याख्येच्या कक्षेत येऊ शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात ‘प्रचार’ हा शब्द घटना समितीत बऱ्याच चर्चेनंतर कायम राहिला होता. तजम्मुल हुसेन यांच्यासारख्या मुस्लिम सदस्याने धर्माचरण खाजगी ठेवावे, असे सुचविले होते. कन्हैयालाल मुन्शी यांनी मात्र ‘प्रचार’ शब्दाचे समर्थन केले. ओरिसाचा असाच कायदा तेथील उच्च न्यायालयाने १९७२ मध्ये रद्द केला, तर मध्य प्रदेशाचा कायदा १९७४ मध्ये वैध ठरला. अखेर १७ जानेवारी १९७७ रोजी रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कायदे उचलून धरले. प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, असा हा निर्णय होता.

२०२१ च्या नव्या अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली. धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना सूचना देणे बंधनकारक झाले आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आली. वडिलोपार्जित धर्मात परतणे मात्र धर्मांतर मानले गेले नाही. सूचनेच्या कलमाखाली, स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञान नागरिकांवर कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला.

समारोप

दुर्बलाची फसवणूक रोखणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. त्याविषयी दुमत नसावे. परंतु नियोगी अहवालाचा रोख परदेशी पैसा व परदेशी मिशनरी यांवर होता, आणि १९६८ व २०२१ च्या कायद्यांत परदेशी मिशनऱ्यांसाठी वेगळे कलम नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पूर्वी ज्या सूचनेसाठी सौंसरच्या माणसाला छिंदवाड्याकडे पाहावे लागे, तिच्यासाठी आता पांढुर्णा जवळ आले. कचेरीचे अंतर कमी झाले. पण श्रद्धेची वर्दी कचेरीत का द्यावी, हा प्रश्न ख्रिस्ती, मुस्लिम, बौद्ध आणि हिंदू अशा सर्वांपुढे तसाच उभा आहे.