तिकीट किती?

"मामू, तिकीट किती?" मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यासमोर उभा राहून भाच्यानं मला विचारलं. आत उरुसाची संगीत सभा सुरू होती. तिकीट नाही म्हटल्यावर त्यानं पुढचं विचारलं, "मग पास लागतो का?" पासही लागत नव्हता. चपला काढायच्या, आत जायचं, जागा मिळेल तिथं बसायचं. हे त्याला खरं वाटेना.

त्याचा दोष नाही. तो आमच्या भंडारा जिल्ह्यातला. झाडीपट्टीची नाटकं त्यानं पाहिली आहेत, आणि त्या मंडपात तिकिटाशिवाय शिरता येत नाही. पण त्या नाटकाच्या आधीची गोष्ट वेगळी होती. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. खडी गंमत म्हणजे उभ्यानं केलेली गंमत. मधे ढोलकी, स्त्रीवेषातला पुरुष नाच्या, भोवती गोल करून बसलेलं गाव. माझे वडील मंडईत बांगड्यांचं दुकान लावत. दुकान आवरलं की तेही त्या गोलात जाऊन बसत. तिथं कुणी कुणाला जात-धर्म विचारत नसे, पैसेही मागत नसे. खूश झाला तो नाच्याच्या हातात नोट ठेवी. ही दंडारच पुढं झाडीपट्टी नाटकाची आई ठरली, असं जाणकार मानतात.

म्हणजे लोकसंगीत उघड्यावरून मंडपात गेलं. ख्यालगायकीचा प्रवास मात्र उलटा झाला. ती मुळात खोलीतली कला. राजाचा दरबार, सरदाराचा वाडा, कलावंतिणीची कोठी, एवढंच तिचं जग. ऐकणारे मोजके, आणि तेही मानाचे. गावातल्या पिंजाऱ्यानं, चांभारानं ती ऐकावी अशी सोयच नव्हती. ही गायकी दर्ग्याच्या उघड्या अंगणात कशी आली, हे समजून घ्यायला मिरजेला जावं लागतं. भंडाऱ्याहून ते अवघडही नाही. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची. तीच गाडी नागपूर, पुणे, सातारा करत मिरजेला सोडते आणि कोल्हापूरला जाते.

जुन्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तलवारी, हत्यारं घडवणारी-घासणारी इथली शिकलगार घरं १९व्या शतकात तंबोरे-सतारी करू लागली. लढाया संपल्या होत्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं, हात मात्र कसबी होते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातले भोपळे वाळवून त्यांचे तुंबे होतात. हिंदुस्थानभरचे गवई या मुसलमान कारागिरांचे तंबोरे घेऊन बसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विष्णु दिगंबर पलुसकरांना शिकवलं. बुवांची तालीम ग्वाल्हेर घराण्याची, म्हणजे हद्दू-हस्सू खाँ यांच्या परंपरेतली. असं हे गाव.

इथंच उस्ताद अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. तरुणपणी ते बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारात गवई होते. तिथं राजघराण्याशी नातं असलेल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांचं जमलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. दरबारही सुटला. दरबार सुटलेल्या गवयानं खायचं काय? खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुलं घरीच राहायची, घरीच जेवायची. तो खर्च जलशांच्या तिकिटांतून निघे. पलुसकरही याच काळात तिकीट लावून जाहीर मैफली करत होते. दोघांचं जन्मसालही एकच. संस्थानिकाच्या मर्जीवर जगणाऱ्या गवयाला तिकिटानं मान दिला, ही गोष्ट विसरता येणार नाही. चार-आठ आणे देणारा कारकून प्रथमच ख्याल ऐकू शकला. तेव्हा तिकीट वाईट, असं माझं म्हणणं नाही.

पण आठ आणेही नसतील, त्यानं काय करायचं? त्याच्यासाठी दर्गा होता.

मिरजेत खाँसाहेब एकदा प्लेगनं आजारी पडले, मीरासाहेबांच्या दारात गाऊन बरे झाले, अशी आख्यायिका गावात सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एवढं खरं की मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा होती आणि दर्ग्यात ते हाजरी म्हणून गात. मराठी रंगभूमीची पदं त्यांनी ध्वनिमुद्रिकांवर गायली, दक्षिणेत जाऊन त्यागराजांची कृतीही गायली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडं जाताना सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर त्यांचं निधन झालं. मय्यत मिरजेला आणली आणि दर्ग्याच्या आवारातच दफन केली. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी इथं गायले आहेत. उरूस हिजरी पंचांगाप्रमाणं रजब महिन्यात येतो. त्यामुळं दर वर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो, कधी थंडीत येतो, कधी ऐन उन्हाळ्यात. आवारातल्या चिंचेखाली रात्रभर गाणं चालतं.

या सभेचं मर्म मला तिथं बसल्यावर कळलं. इथं गवई श्रोत्यासाठी गात नाही, तो पीराच्या दारी हाजरी लावतो. आपण ऐकणारे त्या दाराचे पाहुणे. पाहुण्याकडून तिकीट कोण घेईल? आणि पाहुण्यांत वरचा-खालचा नसतो. या उरुसात मानाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. वाड्याच्या मैफलीत ज्याला उंबरा ओलांडता आला नसता, त्याचा इथं पहिला मान. माझ्या शेजारी हमालीचं काम करणारे एक चाचा बसले होते. रागाचं नाव त्यांनी विचारलं नाही. पण समेला त्यांची मान बरोबर हलत होती.

एक प्रश्न आपल्या घरातलाही आहे. गाणं-बजावणं दीनला मान्य की नाही, हा वाद आपल्यात जुना आहे. सूफींमध्येही चिश्ती समा ऐकत, नक्शबंदी बहुधा त्यापासून दूर राहत. हा वाद मी इथं सोडवू शकत नाही. पण ज्याला गाणं नको तो ऐकणार नाही, एवढं पुरे. त्यापायी खाँसाहेबांचा वारसा आपला नाही असं म्हणू नये. आपण तो सोडला तर त्यावर सांगणारं दुसरं कोणी उरत नाही. मग शाळेच्या पुस्तकात मराठी संगीताच्या पानावर मुसलमान आडनाव दिसलं की आपलीच मुलं चकित होतात. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही अब्दुल करीम खाँ यांची मुलं, आणि सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द, हे किती घरांत माहीत आहे? सवाई गंधर्वांच्या नावानं पुण्यात १९५३ पासून महोत्सव होतो. त्याचं मूळ शोधत गेलं की रस्ता मिरजेच्या या कबरीपर्यंत येतो.

पहाटे परतताना भाचा म्हणाला, "आपल्या भंडाऱ्यात असं का नाही?" मी म्हटलं, तिकीट नसलेला गोल आपल्याकडंही होता, मंडईत. तो आपण हळूहळू सोडला. खांब तलावाच्या काठी एक संध्याकाळ, एक तंबोरा, एक गवई, आणि येईल त्याला जागा. सतरंज्या आपण घालू. मंडप मात्र घालायचा नाही. मंडप आला की दार येतं, आणि दारावर तिकीट फाडणारा.