गाऱ्यावरचा करोळियो

जोगेश्वरीच्या माल्कम बाग या पारशी वसाहतीतल्या एका आंटींनी त्यांच्या सासूबाईंचा गारा, म्हणजे भरतकामाची पारशी साडी, माझ्याकडे रफूला दिला, त्याला बारा वर्षं झाली. अंधेरीत मी घरीच हे काम करते. जांभळं रेशीम, मोतिया धाग्याचं भरगच्च भरतकाम आणि पदरावर एक पक्षी. डोकं कोंबड्याचं, मान सापाची. "आंटी, हा मोर का?" मी विचारलं.

"मोर नही दीकरा, सीमुर्ग छे."

मुळात तो चिनी फेंगहुआंग. जुन्या चिनी वर्णनांत त्याला कासवाची पाठ आणि माशाची शेपटीही आहे. पुढे तो सम्राज्ञीचं चिन्ह झाला. सीमुर्ग इराणचा. शाहनामा या इराणी महाकाव्यात बापाने टाकलेल्या झाल नावाच्या बाळाला त्यानेच वाढवलं. पारशी बायकांनी चिनी पाखरात आपला सीमुर्ग ओळखला.

हे पाखरू व्यापारातून आलं. पारशी व्यापारी हिरजी जीवनजी रेडीमनी 1756 मध्ये चीनला गेले. दुसरे पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई 1799 मध्ये, सोळाव्या वर्षी, चीनच्या पहिल्या सफरीला निघाले. इथून कापूस आणि माळव्याची अफू जाई, तिकडून चहा आणि रेशीम येई. त्या अफूने चीनमधली किती घरं उद्ध्वस्त केली, हे गाऱ्याचं कौतुक करताना झाकून ठेवू नये. नंतर चिनी फेरीवालेच गाठोडी घेऊन मुंबईत आणि गुजरातेत पारशांच्या दारोदार फिरू लागले.

किनारीवर वटवाघळं दिसली तेव्हा मी दचकले. आमच्याकडे वटवाघूळ घरात शिरलं की अपशकुन. पण चिनी भाषेत वटवाघूळ आणि सौभाग्य, दोन्ही शब्दांचा उच्चार 'फू', म्हणून ते लग्नाच्या कापडावरही चालतं.

मग आंटींनी एका गोल फुलावर बोट ठेवलं. "आ करोळियो." करोळियो म्हणजे कोळी. काढणाऱ्याने फूलच काढलं होतं, पण पसरलेल्या पाकळ्यांत इथल्या बायकांना कोळ्याचे पाय दिसले. गोल ठिपक्यांना त्या कांदा-पापेटा म्हणतात, म्हणजे चक्क कांदे-बटाटे! ही नावं चीनमधल्या कँटनच्या कारागिराला ठाऊक असणं शक्य नाही. ती इथल्या माजघरात जन्मली, आणि माझ्या लेखी त्यांचं मोल टाक्याइतकंच आहे.

पक्ष्याची बोटभर मान बारीक गाठींनी भरलेली होती. ती सांधायला मला चार दिवस लागले. टाका उसवला तर पुन्हा घालता येतो. नाव विसरलं की कोणाकडून आणायचं?

तुमच्या घरी किंवा शेजारी जुना गारा असेल, तर तो वर्षातून एकदा उलगडा आणि घडी बदलून मलमलीत ठेवा, एकाच घडीवर रेशीम चिरतं. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला जवळ बसवून एकेका आकृतीवर बोट ठेवत त्या आकृतीचं नाव विचारा. लगेच लिहून घ्या.