विनोदातून बोलीत

भाषेत नवा शब्द दोन वाटांनी येतो. एक वाट दरबाराची, दुसरी हशाची. वकिली करणाऱ्यास पहिली वाट पदोपदी भेटते. दावा, फिर्याद, तारीख, वकील हे फारसी-अरबी शब्द कचेरीतून मराठीत आले. आणि ज्या शहरांतून तो कारभार चालला, त्यांत खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेले आमचे बऱ्हाणपूर अग्रगण्य होते. दुसऱ्या वाटेवर मात्र कोणाचा हुकूम चालत नाही.

'तळीराम' हा शब्दच पाहा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात 'एकच प्याला' बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले. ज्यांनी ते नाटक कधी पाहिले वा वाचले नाही, तेही आज मद्यप्यास तळीराम म्हणतात. विशेषनामाचे सामान्यनाम झाले, म्हणजे ते पात्र लेखकाच्या मालकीतून सुटून लोकांचे झाले, असे समजावे.

चिमणरावाची कथा अशीच आहे. त्याचे जनक चिं. वि. जोशी बडोद्यास पाली भाषा शिकवीत. चिमणराव प्रथम पुस्तकांत अवतरला, १९४० साली 'लग्न पहावे करून' या बोलपटात दिसला आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. नाटक कंपनीस गावोगाव फिरून जे साधावयास वर्षे लागत, ते दूरदर्शनने एका संध्याकाळी साधले. असंख्य घरे एकाच वेळी हसली. दुसऱ्या दिवशी कचेरीत काटकुळा गृहस्थ व त्याचा धिप्पाड सोबती दिसताच ती दोन नावे पुरेशी होऊ लागली. विनोद सांगावा लागत नसे. नुसती खूण पुरे.

ही किमया यंत्राने शोधली, असे मात्र नव्हे. सोळाव्या शतकात एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे भारुडात आणून रस्त्यावरची बोली भक्तीच्या कामी लावली. कीर्तनाच्या उत्तररंगात हरिदास श्रोत्यांस हसवी, तेव्हा सभामंडपात पंडित व अडाणी एकच भाषा ऐकत असत. आजच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या दूरदर्शन-कार्यक्रमाच्या नावातही देवाची जत्रा राहिली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता बऱ्हाणपूरकरांच्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर आमच्या राज्याची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला. त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचा यत्न राज्यांनी करावा, असे ठरले. कलम कागदावर आहे. परंतु हिंदी शाळेत शिकणाऱ्या मराठी घरातील मुलास मराठीची गोडी कोणते कलम लावील? ती लावतो दूरदर्शनवरील विनोद. आजीबरोबर हसताना ते मूल जो शब्द उचलते, तो त्यास कोणी घोकून घ्यावयास लावलेला नसतो.

तथापि हशा हे दार आहे, घर नव्हे. उचललेली वाक्ये हंगामाबरोबर विरून जातात. तळीराम व चिमणराव टिकले, कारण त्यांच्यामागे पुस्तके उभी होती. हिंदी व मराठी यांची लिपी एकच, देवनागरी. तेव्हा ऐकण्यापासून वाचण्यापर्यंतचे अंतर आमच्या मुलांस फार नाही. एकादशीस देवळात जमणाऱ्या मंडळींनी भजनानंतर अर्धा तास मुलांकडून चिं. वि. जोशींची एखादी कथा मोठ्याने वाचवून घेतली, तर ते अंतर सहज ओलांडता येईल. त्यास अनुदान लागत नाही, अर्जही लागत नाही.