पुण्याची वीज आणि षड्जाची उंची

१/ घरातील हाय-फाय यंत्रणेला ‘पॉवर कंडिशनर’ जोडला, तर गाणे खरोखर अधिक चांगले ऐकू येते काय? श्रोत्यांचा हा वाद जुना आहे. त्याचे उत्तर पुण्याच्या वीजपुरवठ्याच्या इतिहासात बरेचसे दडलेले आहे. त्या इतिहासाचा हा थ्रेड.

२/ आरंभी तबकडीला विजेची गरजच नव्हती. चावीच्या ग्रामोफोनची गती स्प्रिंग आणि गव्हर्नर सांभाळत. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांतील पाण्यावर टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र सुरू झाले, तेव्हाही घरोघरी गाणे वाजत होते ते चावीवरच.

३/ १९५३ हे पुण्याच्या श्रवणसंस्कृतीचे मोठे वर्ष. २ ऑक्टोबरला आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सवाचा प्रारंभ केला. पुढे रेडिओग्राम आणि एलपी आल्या. गाणे आता विजेवर अवलंबून राहू लागले.

४/ ही वीज अखंड नव्हती. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने तेथील वीजनिर्मिती खंडित झाली आणि पश्चिम महाराष्ट्राला त्याचा फटका बसला. नंतरच्या दशकांत भारनियमन आणि कमी दाब अंगवळणी पडले. फ्रिजशेजारचा ‘टक्’ करणारा स्टॅबिलायझर ही मध्यमवर्गीय घराची खूणच ठरली.

५/ ॲम्प्लिफायरवर दाबाचा परिणाम किती? भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर यांतून जाऊन एकदिश होतो. चांगल्या यंत्रात हे शुद्धीकरण आधीच झालेले असते. दाब फारच घसरला, तर मात्र कमाल शक्ती घटते, मोठा आवाज फाटतो आणि १०० हर्ट्झची घरघर ऐकू येऊ शकते.

६/ संगीताला खरा धोका दाबापेक्षा वारंवारतेचा होता. मागणी निर्मितीहून वाढली की जनित्रे मंदावतात आणि ५० हर्ट्झ खाली सरकते. १९९० च्या दशकात पश्चिम विभागाच्या ग्रिडवर गर्दीच्या वेळी ती ४८.५ च्याही खाली उतरत असे.

७/ सिंक्रोनस मोटरचा रेकॉर्ड प्लेयर या वारंवारतेचा गुलाम असतो. ४८.५ हर्ट्झवर त्याची गती ३ टक्के मंदावते. मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे ३२⅓ फेरे. गाणे संथ होते आणि सूरही उतरतो.

८/ किती उतरतो? काळी एकचा षड्ज सुमारे २७७ हर्ट्झचा. तो २६९ वर येतो, म्हणजे पांढरी एक आणि काळी एक यांच्या जवळजवळ मधोमध. हार्मोनियमवर त्याला पट्टीच सापडत नाही. सप्तकाचे २२ समान भाग कल्पिले, तर ही घसरण जवळपास एका भागाएवढी आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर ग्रंथ लिहिला. त्या परंपरेत हे अंतर क्षुल्लक मानता येत नाही.

९/ स्टॅबिलायझर किंवा फिल्टर येथे निरुपयोगी होते, कारण ते दाब सावरतात आणि गोंगाट गाळतात. वारंवारता त्यांच्या हाती नसते. त्यासाठी नवा ५० हर्ट्झ प्रवाह स्वतः निर्माण करणारे महागडे यंत्र लागते.

१०/ मग हा रोग बरा कसा झाला? एका दरपत्रकाने! १ जुलै २००२ रोजी देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित वीजदर लागू झाला. वारंवारता जितकी खाली, तितकी ठरल्याहून अधिक उचललेली वीज महाग. राज्यांना शिस्त लागली. २०१४ पासून ग्रिड संहितेची मर्यादा ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे.

११/ आजचे सीडी प्लेयर आणि स्ट्रीमर क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळावर चालतात. ग्रिडच्या वारंवारतेने त्यांचा सूर हलत नाही. कंडिशनरचा उपयोग उरतो तो विजेच्या लाटेपासून संरक्षण आणि डिमर, ड्रिल यांची खरखर गाळणे एवढाच. सततची ‘हं’ बहुधा सदोष अर्थिंगची किंवा उपकरणांमधील अर्थ-लूपची असते. खात्री करायची तर श्रोत्याला न सांगता दुसऱ्याने कंडिशनर जोडावा आणि काढावा. फरक ओळखता आला नाही, तर पैसे वाचले.

१२/ आता इतिहासप्रेमींसाठी महत्त्वाचे. त्या काळात अशा प्लेयरवरून एलपी कॅसेटवर उतरवली असेल, तर उतरलेला षड्जही तेथेच कायम झाला. आज त्या कॅसेटचे डिजिटायझेशन करून तिला प्रमाण मानले, तर गायकाची पट्टीच चुकीची नोंदली जाईल.

१३/ सुदैवाने पुरावा त्याच फितीत असू शकतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी शिरलेली विजेची मंद गुणगुण मोजावी. ती ५० ऐवजी ४८.५ वर आढळली, तर गाणे त्याच प्रमाणात वर आणावे. म्हणून जुन्या फिती ‘स्वच्छ’ करण्यापूर्वी मूळ प्रत जशीच्या तशी जपावी. श्रोत्याला नको असलेली ती गुणगुण अभ्यासकाच्या दृष्टीने दस्तऐवज आहे.