हत्यार आणि परवाना : शस्त्रबंदीच्या वादाचा कोल्हापुरी मागोवा

खंडेनवमीच्या दिवशी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील तालमींत तलवार, दांडपट्टा, विटा आणि ढाल यांची पूजा होते. त्याच दिवशी सुताराच्या घरी करवत, रंधा व पटाशी पाटावर मांडली जातात आणि कारखान्यातील कामगार आपल्या यंत्राला हार घालतो. या सर्व वस्तूंना मराठीत एकच शब्द आहे : हत्यार. शब्दाचे मूळ ‘हस्त’–‘हत्थ’–‘हात’ या मालिकेत आहे. हाताने वापरावयाचे ते हत्यार. बोलणाऱ्याला त्यात ‘हत्या’ ऐकू येते, पण ती लोकव्युत्पत्ती होय. ‘हत्यारा’ हा शब्द मात्र खरोखरच ‘हत्या’पासून निघालेला आहे, दोन्ही शब्द दिसण्यात जवळ आले आणि अर्थाने एकमेकांवर सावली टाकू लागले. बंदुकीची परिभाषा तर बव्हंशी बाहेरून आलेली आहे. ‘बंदूक’ अरबीतून फारसीमार्गे, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘पिस्तूल’ व ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून आणि ‘परवाना’ फारसीतून. हत्यार घरचे, त्याच्या वापराची अनुज्ञा मात्र दरबारची, असा हा शब्दसंच आहे. आणि शस्त्रबंदीच्या वादाचा इतिहासही काहीसा असाच आहे.

अमेरिकेत हा वाद हक्काच्या भाषेत चालतो. तेथील राज्यघटनेची १७९१ ची दुसरी दुरुस्ती, तिच्यात असलेला लोकसेनेचा उल्लेख आणि २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीच्या स्वतंत्र हक्काला दिलेली मान्यता, यांभोवती तो फिरतो. शाळेत वा बाजारात एखाद्याने अनेकांना गोळ्या घातल्या की तो नव्याने पेटतो आणि तेथेच परत येतो. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ माणसे मारली गेल्यावर शासनाने सहा लाखांहून अधिक बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या; तेथे घटनेचा अडसर नव्हता. भारतात ‘हत्यार बाळगण्याचा मूलभूत हक्क’ ही कल्पना एकेकाळी राष्ट्रीय मागणी होती, आणि स्वातंत्र्य मिळताच ती मागणी करणाऱ्यांनीच ती बाजूला ठेवली. हे परिवर्तन कसे घडले, याचे धागे दक्षिण महाराष्ट्रात बरेच मागे जातात.

कोल्हापूर संस्थानात गडकरी नावाचा वर्ग होता. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड यांसारख्या किल्ल्यांची शिबंदी वंशपरंपरेने त्यांच्याकडे असे आणि त्याबद्दल त्यांना जमिनी असत. त्यांचे हत्यार हक्काचे नव्हते, चाकरीचे होते. परंतु चाकरीच वतन असल्यामुळे हत्यार काढून घेणे म्हणजे जमीन, मान आणि ओळख तिन्ही काढून घेणे होते. इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित यांनी गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या कक्षेत आणल्या, तेव्हा १८४४ साली सामानगडावर उठाव झाला आणि तो पसरला. ऑक्टोबरात सामानगड व डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा इंग्रजी फौजेने घेतला. त्यानंतर किल्ले पाडण्यात आले आणि वंशपरंपरागत शिबंदी संपुष्टात आली. या प्रकरणास सामान्यतः ‘बंड’ म्हटले जाते. तो वतनदार शिपायांचा शेवटचा हिशेब होता, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

दुसरा प्रसंग १८५७ चा. ३१ जुलैच्या रात्री कोल्हापुरातील २७ वी देशी पलटण उठली. ऑगस्टमध्ये ले ग्रँड जेकब याने तिची हत्यारे काढून घेतली. ६ डिसेंबर रोजी बंडवाल्यांनी शहराचे दरवाजे बंद केले, तेव्हा जेकबने त्याच दिवशी दरवाजा फोडून शहर घेतले आणि पकडलेल्यांपैकी ३६ जणांना जागच्या जागी लष्करी न्यायासनापुढे उभे करून देहदंड दिला. शस्त्र कोणाच्या हाती असावे हा प्रश्न कोल्हापुरात या रीतीने निकालात निघाला. त्याच सुमारास मुधोळ संस्थानातील हलगली गावी, म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यात, बेरडांनी हत्यारे देण्यास नकार दिला. हत्यारबंदीचा हुकूम त्यांना उपजीविकेवर आणि इज्जतीवर घाला वाटला. नोव्हेंबरात फौज आली, गाव जाळले गेले, कित्येकांना फाशी झाली. या प्रसंगावरची कन्नड लावणी आजही ऐकावयास मिळते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हीच बंदी ब्रिटिश हिंदुस्थानभर कायम केली. लॉर्ड लिटनच्या त्याच वर्षी देशी भाषांतील वृत्तपत्रांवरही कायदा झाला. वृत्तपत्रांचा कायदा १८८२ मध्ये रिपनने रद्द केला, शस्त्रांचा राहिला. तोंडाचे कुलूप निघाले, हाताचे तसेच राहिले. कायद्याच्या नियमांत युरोपियनांना सूट होती, हा या रागाचा खरा गाभा होय. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेसने या कायद्याविरुद्ध जे ठराव केले, त्यांत बंदुकीच्या उपयोगापेक्षा अविश्वासाची खंत अधिक होती. कोल्हापूर मात्र संस्थान असल्याने हा कायदा येथे थेट लागू नव्हता. दांडपट्टा व मर्दानी खेळ येथील तालमींत टिकले, त्यामागे दरबाराचा आश्रय आणि राजर्षी शाहू छत्रपतींची कुस्तीवरील श्रद्धा ही कारणे सर्वज्ञात आहेत. कायद्याच्या या सीमेचाही विचार त्यांच्या जोडीला व्हावयास हवा.

गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात राष्ट्र निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा असल्याचे लिहिले. ज्यांनी अहिंसेचा आग्रह धरला त्यांनीच हे लिहावे, हा विरोधाभास वाटतो. पण मागणी शस्त्राची नसून विश्वासाची होती असे धरले, तर विरोध उरत नाही. १९३१ च्या कराची अधिवेशनाच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत राहून शस्त्र बाळगण्याचा प्रत्येक नागरिकाचा हक्क नोंदला गेला.

१९४८ हे वर्ष या वादाच्या दृष्टीने निर्णायक होय. ३० जानेवारीला दिल्लीत गांधीजींचा वध झाला तो बेरेटा बनावटीच्या पिस्तुलाने. मारणारा पुण्याहून निघणाऱ्या मराठी वृत्तपत्राचा संपादक होता आणि पिस्तूल ग्वाल्हेरीत मिळवलेले होते. त्यानंतरच्या दिवसांत कोल्हापुरात जाळपोळ झाली. मंगळवार पेठेतील भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही आगीत सापडला. तो विध्वंस करण्यास बंदूक लागली नाही. जमावाच्या काडेपेटीस परवाना लागत नाही, ही बाब शस्त्रबंदीचे कट्टर समर्थक आणि विरोधक दोघेही सोयीने विसरतात.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी कराचीच्या ठरावाची आठवण देत, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा होता की, स्वतंत्र राष्ट्रात शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्रसंरक्षणासाठी शस्त्र घेण्याच्या कर्तव्यावर भर द्यावयास हवा; आणि सरसकट हक्क दिल्यास ज्यांना गुन्हेगार वर्ग समजले जाते त्यांनाही तो द्यावा लागेल. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आला तो उलट बाजूचा शब्दप्रयोग : शांततेने व ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य.

यातील दुसरा मुद्दा इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावा असा आहे. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींसाठीचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला. त्यातील शेरा अखेर १९५२ मध्ये कायद्याने गेला. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१८ मध्येच महार, मांग, रामोशी व बेरड यांची सक्तीची हजेरी बंद केली होती. म्हणजे हलगलीत ज्यांची हत्यारे काढून घेतली, त्या बेरडांचे जातभाई पुढे हजेरीला लावले गेले, आणि १९४८ मध्ये हत्यार देऊ नये असे सांगताना ‘गुन्हेगार वर्ग’ हीच कोटी पुन्हा उपयोगात आली. शब्द कायद्यातून जाण्यापूर्वी युक्तिवादातून जात नाही, याचे हे उदाहरण. बाबासाहेबांच्या अन्य मुद्द्यांचे बळ त्यामुळे कमी होत नाही. पण या एका शब्दाची वंशावळ तपासण्यासारखी आहे.

१९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आला. त्यात परवाना हा हक्क नसून सकारण दिलेली अनुज्ञा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. या कायद्याची शस्त्राची व्याख्या भाषिक दृष्ट्या मोठी रसपूर्ण आहे : केवळ घरगुती वा शेतीच्या कामाची वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी काठी, ‘शस्त्र’ नव्हे. हस्ताचे हत्यार आणि हत्येचे हत्यार यांतील जो भेद मराठीने कधी केला नाही, तो कायद्याला करावा लागला. या व्याख्येचा एक विदारक पडताळा २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत आला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी स्वयंचलित बंदूक हाती असलेल्या हल्लेखोरास हातांनी धरून ठेवले. त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली. नंतरची चर्चा प्रामुख्याने पोलिसांच्या जुन्या रायफली, चिलखते आणि त्यांचे प्रशिक्षण यांवर झाली. सामान्य नागरिकाला बंदूक द्यावी ही मागणी तिच्या केंद्रस्थानी आली नाही. अमेरिकेतील वादाशी तुलना करणाऱ्यास हा फरक ठळकपणे जाणवेल.

परवान्याच्या चौकटीबाहेर मात्र दुसरीच परिभाषा नांदते. ‘गावठी’ हे विशेषण कोंबडी, तूप आणि भाजी यांना गौरवाने लागते. पिस्तुलाला ते लागले की अर्थ पालटतो. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कोल्हापुरात सागरमाळ भागात पत्नीसह फिरावयास गेलेल्या गोविंद पानसरे यांच्यावर दुचाकीवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. २० फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला होता, तोही सकाळच्या फिरण्याच्या वेळी. शहरातील कार्यकर्त्यांनी त्यानंतर सकाळी एकत्र फिरण्याची फेरी सुरू केली आणि तिला ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ असे नाव दिले. फेरीतील मागणी मारेकऱ्यांच्या शोधाची होती.