आवरण, भिंतीचे (सातारा–सांगली)

सांगाड्यावर बाहेरून चढवलेले, ऊन-पाऊस अडवणारे पण छपराचा भार न पेलणारे कवच म्हणजे भिंतीचे आवरण. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत त्याची कारवीच्या कुडापासून पन्हळी पत्र्यापर्यंत अनेक रूपे आहेत. आवरण कोणतेही असो, पाणी बहुधा खिडकीच्या कडेनेच आत येते.

या टापूत पावसाची तफावत विलक्षण आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर पूर्वेकडे आटपाडी-जतमध्ये पाचशेच्या आसपास. म्हणून माण, खटाव, जत भागात जाड मातीच्या भिंती आणि धाब्याची छपरे टिकली. तिथे आवरणाची गरजच पडली नाही. जावळी-पाटणच्या डोंगरात मात्र मेढी रोवून, आडव्या कामट्यांना कारवी बांधून आणि वर शेणमाती लिंपून कूड करीत. खिडकीची जागा कारवी बांधण्याआधीच सोडावी लागे, कारण नंतर कूड कापला तर कडेची कारवी सुटते.

महाबळेश्वरात पावसाळ्याच्या तोंडावर घरांना, दुकानांना झडी लावतात. बांबूच्या चौकटीवर गवत बांधून ती पावसाच्या अंगाच्या भिंतीला टेकवतात. आता गवताच्या जागी प्लास्टिकचा कागदही आला आहे. झडीमागे खिडकीही झाकली जाते, म्हणजे चार महिने उजेडावर पाणी सोडायचे. खिडकीच्या जोडाचा प्रश्न सोडवण्याऐवजी खिडकीच बुजवणारी ही युक्ती ओबडधोबड वाटेल, पण आडव्या पावसापुढे ती कामाची ठरते.

आज मोटार, ट्रॅक्टर किंवा अवजारे ठेवण्याच्या शेडला चौकोनी पाइपचा वा अँगलचा सांगाडा आणि पन्हळी पत्रा वापरतात. फॅब्रिकेटर आधी खांब उभे करतो, मग आडवे पाइप जोडतो आणि त्याच वेळी खिडकीची लोखंडी चौकट दोन उभ्यांच्या मध्ये वेल्ड करतो. पत्रा त्यानंतर. आधी पत्रा ठोकून मग कटरने भोक पाडणारे कारागीरही भेटतात. तिथे पत्र्याच्या कडेला आधार राहत नाही, ती वाऱ्याने फडफडते आणि कापलेल्या धारेवर गंज धरतो. चौकटीच्या माथ्यावर वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवतात. तिची वरची बाजू भिंतीच्या पत्र्याखाली सरकवलेली आणि खालची चौकटीच्या बाहेर आलेली हवी. नुसत्या सिलिकॉनवर भिस्त ठेवली तर कालांतराने त्याची पकड सुटते. वरचा पत्रा नेहमी खालच्यावर चढतो. उभा जोड वाऱ्याच्या पाठीला ठेवतात. इथला पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून जाणता माणूस त्या बाजूला खिडकी काढायचे टाळतो.

हलक्या आवरणाची दुसरी बाजू 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात दिसली. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळून माणसे दगावली. कूड किंवा पत्रा अंगावर पडला तरी तेवढा जीवघेणा ठरत नाही.

सांगलीकडे धोका खालून येतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. पूर ओसरला तरी पत्र्याच्या खालच्या कडेत गाळ अडकून राहतो आणि गंज तिथूनच चढतो. तळाला दोन-तीन फूट विटांचे किंवा काँक्रीटचे काम करून पत्रा त्याच्या वर सुरू केला, तर रोजचा चिखल आणि शिंतोडे तरी त्याला लागत नाहीत; मात्र पत्रा त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला थोडा खाली उतरवावा लागतो, नाहीतर पाणी थेट विटांच्या माथ्यावर उतरून आत झिरपते.